सुबियाकोची गुहा, कासिनोचा डोंगर

रोमच्या पोंते माम्मोलो मेट्रो स्थानकाबाहेरून सुबियाकोची बस सुटते. शहराची वस्ती विरळ झाली की आनिएने नदीचं खोरं सुरू होतं. दोन्ही बाजूंचे डोंगर जवळ येऊ लागतात, उतारांवर ऑलिव्हची झाडं दिसतात आणि टेकड्यांच्या माथ्यावर दगडी गावं. इसवी सन 500च्या सुमारास विशीतला एक तरुण रोमकडे पाठ फिरवून याच खोऱ्यात आला. घरचा सुखवस्तू, उंब्रियातल्या नुर्सिया गावचा, शिकायला म्हणून रोमला पाठवलेला. शिक्षण त्यानं अर्ध्यावर सोडलं. त्याचं नाव बेनेडिक्ट. पुढची कित्येक शतकं पश्चिम युरोपातले ख्रिस्ती मठ ज्या नियमांवर चालले, ते नियम त्याचे. ते वाचूनच मी इथवर आले होते.

बेनेडिक्टविषयी आपल्याला जे माहीत आहे ते जवळजवळ सगळं एकाच पुस्तकातून येतं. पोप पहिला ग्रेगरी यानं 593-94च्या सुमारास ‘संवाद’ लिहिले, त्यांतला दुसरा भाग पूर्णपणे बेनेडिक्टवर आहे. बेनेडिक्टला जाऊन तेव्हा जेमतेम अर्धं शतक झालं होतं, आणि आपल्याला माहिती देणाऱ्या चार शिष्यांची नावं ग्रेगरी देतो. तरीही ते पुस्तक चमत्कारांनी भरलेलं आहे. नियमावलीत मात्र एकही चमत्कार नाही. पाव किती द्यायचा, आजाऱ्याला आंघोळ कधी घालायची, झोपताना कमरेचा चाकू का काढून ठेवायचा, हे तिच्यात आहे. चमत्कारांतला बेनेडिक्ट आणि नियमांतला बेनेडिक्ट हा एकच माणूस आहे, हे त्याच्या जागा पाहिल्याशिवाय मला उमगत नव्हतं.

सुबियाको गाव ओलांडून रस्ता चढू लागला की प्रथम नीरो बादशहाच्या वाड्याचे अवशेष लागतात. पहिल्या शतकात नीरोनं आनिएनेला बांध घालून इथे तळी तयार केली आणि काठावर आपल्या विलासासाठी महाल बांधला. रोमन काळातल्या सर्वांत उंच धरणांमध्ये इथल्या धरणाची गणना होते. 1305च्या पुरात ते फुटलं. बेनेडिक्ट आला तेव्हा तळं होतं, महाल मात्र ओसाड पडला होता. साम्राज्याच्या उधळपट्टीचे अवशेष डोळ्यांसमोर ठेवून तो वरच्या कड्यातल्या कपारीत जाऊन बसला.

त्या कपारीभोवती आज साक्रो स्पेको, म्हणजे ‘पवित्र गुहा’ नावाचा मठ आहे. जुन्या ओक वृक्षांच्या राईतून वाट वर जाते आणि एकदम कड्याला चिकटलेली इमारत समोर येते. आत शिरल्यावर कितीतरी ठिकाणी भिंत संपते आणि डोंगराचा उघडा खडक सुरू होतो. कान्हेरी आणि कार्ले पाहत वाढलेल्या मला खडकातली कोठडी नवी नव्हती. नवं होतं ते तिच्याभोवती मजल्यामागून मजले पसरलेलं रंगकाम. तेराव्या आणि चौदाव्या शतकातल्या चित्रकारांनी छतं, कमानी, जिन्यांच्या बाजू, काहीही मोकळं सोडलेलं नाही. एका जिन्यालगत घोड्यावर स्वार झालेला मृत्यू तलवार परजत धावतो आहे.

संत ग्रेगरीच्या छोट्या प्रार्थनागृहात एक चित्र आहे, त्याच्यासमोर मी बराच वेळ उभी राहिले. असिसीच्या फ्रान्सिसचं हे चित्र. डोक्यामागे तेजोवलय नाही, तळहातांवर ख्रिस्ताच्या जखमांच्या खुणा नाहीत, नावामागे ‘संत’ नाही, नुसतं ‘बंधू फ्रान्सिस’. म्हणजे 1224 साली त्या खुणा उमटल्याचं सांगतात त्याच्याही आधीचं, तो हयात असतानाचं हे चित्र असावं. तो इथे पाहुणा म्हणून आला होता आणि कुणीतरी त्याला पाहून रंगवलं, हे मानायला माझं मन तयार होतं. बेनेडिक्टनं तारुण्यात वासनेशी झगडताना ज्या काटेरी झुडपांत अंग झोकून दिलं, त्यांवर फ्रान्सिसनं गुलाबाचं कलम केलं अशी इथली परंपरा. बाहेरच्या लहानशा बागेत गुलाब आजही लावलेले आहेत.

मूळ गुहा सर्वांत खाली आहे. लहान आणि ओलसर. बर्निनीचा शिष्य अंतोनियो राज्जी यानं 1657 साली घडवलेली संगमरवरी मूर्ती तिथे आहे. कोवळा, जवळजवळ मुलगाच वाटावा असा बेनेडिक्ट क्रुसाकडे पाहतो आहे आणि शेजारी पावाची टोपली आहे. ती टोपली रोमानसची. जवळच्याच एका मठातला हा साधू बेनेडिक्टला डोंगरात भेटला, त्यानंच त्याला व्रतस्थाचं वस्त्र दिलं आणि त्याचा ठावठिकाणा कुणाला कळू दिला नाही. आपल्या वाट्याच्या पावातून तो थोडा वाचवायचा आणि कड्यावरून दोरीला बांधून खाली सोडायचा. दोरीला एक घंटा होती. सैतानानं दगड मारून ती फोडली, असं ग्रेगरी सांगतो. घंटा फुटली तरी पाव येत राहिला.

तीन वर्षं असं चाललं. ईस्टरचा दिवस उजाडल्याचंही त्याला कळलं नव्हतं. एक धर्मगुरू जेवण घेऊन शोधत आला तेव्हा समजलं. कातडी पांघरलेला तो माणूस मेंढपाळांना आधी जनावरच वाटला होता.

गुहेपुढे उभं राहिल्यावर माझं लक्ष बेनेडिक्टवरून रोमानसकडे वळलं. एकांतवासी म्हणून ज्याची कीर्ती झाली, तो जगला एका माणसाच्या अर्धपोटी राहण्यावर. पुढे नियमावली लिहिताना पहिल्याच प्रकरणात बेनेडिक्ट सांगतो की एकट्यानं राहण्याची योग्यता नवख्या उत्साहातून येत नाही. आधी मठात, इतरांच्या सोबतीनं, दीर्घकाळ तावूनसुलाखून निघावं लागतं. स्वतःच्या तरुणपणाच्या नेमकं विरुद्ध त्यानं लिहिलं. गुहेत तो जे शिकला ते हेच, असं मला वाटतं.

त्याच्या कठोरपणाला आणखी एक धक्का बसायचा होता. येताना आमची बस विकोवारोजवळून आली होती. तिथल्या साधूंनी आपला मठाधिपती मेला म्हणून बेनेडिक्टला बोलावलं. तुमचं-माझं जमणार नाही, असं त्यानं आधीच सांगून पाहिलं. ते ऐकेनात. तो गेला, शिस्त लावू लागला, आणि त्यांनी त्याच्या द्राक्षमद्यात विष कालवलं. त्यानं क्रुसाची खूण करताच पेला फुटला, असं चरित्र सांगतं. बेनेडिक्ट चिडला नाही. मी सांगितलं नव्हतं का, एवढंच विचारून गुहेकडे परतला. आदर्श कितीही उंच असला तरी तो पेलणाऱ्या माणसांची ताकद आधी मोजावी लागते, हा धडा त्याला विकोवारोत मिळाला असणार. एरवी नियमावलीत पानोपानी दुर्बलांचा विचार कुठून आला?

मग माणसं येऊ लागली. रोममधल्या खानदानी घरांतली मुलं, तशीच गॉथ टोळ्यांतली अडाणी माणसंही. बाराबारा जणांचे बारा मठ त्यानं या खोऱ्यात वसवले. नीरोच्या तळ्याकाठची झुडपं तोडताना एका गॉथाच्या कोयत्याचं पातं दांड्यातून निसटून पाण्यात गेलं. तो बिचारा घाबरून थरथरत राहिला. बेनेडिक्टनं दांडा पाण्यात धरला, पातं वर आलं, आणि काम कर, दुःख करू नकोस, असं म्हणून त्यानं ते त्याच्या हाती दिलं. रोमन आणि गॉथ एकमेकांचे गळे कापण्याच्या बेतात होते त्या काळातली ही गोष्ट आहे. त्यातला चमत्कार बाजूला ठेवला तरी जे उरतं ते मला मोठं वाटतं.

बारांपैकी एकच मठ आज नांदता आहे, सांता स्कोलास्टिका. साक्रो स्पेकोपासून उताराच्या वाटेनं चालत तिथे येता येतं. तीन वेगवेगळ्या शतकांतली तीन चौकं आणि अकराव्या शतकातला घंटामनोरा. चर्चचा आतला भाग पांढराशुभ्र, साधा आहे. तो रचणारा जाकोमो क्वारेंगी पुढे रशियाला गेला आणि सेंट पीटर्सबर्गच्या थोर वास्तुविशारदांत गणला गेला. पण या मठाचं मला सर्वांत मोठं वाटलेलं वैभव कागदावरचं आहे. कोनराड स्वाइनहाइम आणि आर्नोल्ड पानार्ट्झ हे दोन जर्मन मुद्रक आल्प्स ओलांडून आले आणि इटलीतला पहिला छापखाना त्यांनी रोममध्ये नाही, व्हेनिसमध्ये नाही, या आडबाजूच्या डोंगरी मठात थाटला. 29 ऑक्टोबर 1465 रोजी लॅक्टॅन्शिअसचे ग्रंथ इथे छापून पूर्ण झाले. गटेनबर्गच्या बायबलनंतर दहाच वर्षांनी. मठातल्या लोकांना पुस्तकांची भूक नसती तर ते दोघे इथे आले नसते, आणि ती भूक बेनेडिक्टनंच लावून ठेवली होती.

मी मठाच्या अतिथिगृहात मुक्काम केला. दाराशी एक वयस्क साधू होते. नियमावलीतलं सहासष्टावं प्रकरण द्वारपालाविषयी आहे: दाराशी असा शहाणा म्हातारा बसवावा ज्याला निरोप घेता-देता येतो आणि ज्याचे पाय इकडेतिकडे भटकत नाहीत. मोडक्या इटालियनमध्ये मी कुठून आले ते सांगितलं. त्यांनी सामान ठेवायला जागा दाखवली आणि सायंप्रार्थनेची वेळ सांगितली. मी ख्रिस्ती आहे का, हे त्यांनी विचारलं नाही. पाहुणा हा साक्षात ख्रिस्त समजून त्याला घ्यावा, त्यातही गरिबांची आणि यात्रेकरूंची अधिक काळजी घ्यावी, असं त्रेपन्नावं प्रकरण सांगतं.

ती नियमावली मी सोबत आणली होती. संध्याकाळी चौकात बसून पुन्हा वाचली. प्रस्तावना आणि 73 प्रकरणं, बरीचशी पान-अर्ध्या पानाची. सगळं काही बेनेडिक्टनं नव्यानं रचलेलं नाही. इजिप्तच्या वाळवंटात अँटनीनं एकांतवासाची आणि पाखोमिअसनं सामूहिक मठांची वाट चौथ्या शतकापर्यंत घालून दिली होती. कॅशियन आणि बेसिल यांचं ऋण बेनेडिक्ट स्वतः मान्य करतो. ‘गुरूची नियमावली’ नावाच्या जवळपास तिप्पट मोठ्या, निनावी ग्रंथातून तर त्यानं परिच्छेदच्या परिच्छेद घेतले, असं बहुतेक अभ्यासक मानतात. पण तो ग्रंथ पाहुणा चोरी करील या भीतीनं त्याच्यावर दोन साधूंची पाळत ठेवायला सांगतो. बेनेडिक्टनं पाळत काढून टाकली. उलट, बाहेरून आलेल्या साधूनं मठातल्या एखाद्या गोष्टीवर विनयानं टीका केली तर मठाधिपतीनं विचार करावा की देवानं त्याला याचसाठी धाडलं असेल.

जेवणाच्या प्रकरणांवर मी सर्वांत जास्त रेंगाळले. शिजवलेले दोन पदार्थ असावेत, म्हणजे एक खाता न येणाऱ्याला दुसरा खाता येईल. फळं किंवा ताजी भाजी मिळाली तर तिसरा. रोज माणशी एक पौंड पाव, काम जास्त असेल तर मठाधिपतीनं वाढवावा. द्राक्षमद्याच्या बाबतीत तो मोकळेपणानं म्हणतो की ते साधूंसाठी नाहीच असं वाचनात येतं, पण आजच्या साधूंना हे पटवणं अशक्य आहे, तेव्हा निदान बेतानं घ्यावं. मग माप देतो, साधारण पाव लिटर. स्वयंपाक आठवड्याच्या पाळीनं प्रत्येकानं करायचा. शनिवारी पाळी संपवणाऱ्यानं हात-पाय पुसायचे पंचे धुऊन, भांडी घासूनपुसून परत करायची. कोठाराचा प्रमुख मठातली भांडीकुंडी वेदीवरच्या पवित्र पात्रांइतकी जपतो, आणि देण्यासारखं काही नसेल तर निदान चांगला शब्द देतो. सरदाराचा मुलगा आणि गुलाम म्हणून जन्मलेला माणूस यांच्यात जन्मावरून फरक नाही. जो आधी आला तो पुढे बसणार, मग तो वयानं लहान का असेना. महत्त्वाचा निर्णय घ्यायचा तर सगळ्यांना बोलवायचं, कारण देव पुष्कळदा सर्वांत धाकट्याच्या तोंडून बोलतो. प्रवासाला निघणाऱ्याला रोजच्यापेक्षा जरा बरे कपडे कोठारातून द्यावेत, त्यानं परत आल्यावर धुऊन जमा करावेत.

दिवसाची विभागणीही अशीच विचारपूर्वक आहे. रात्रीची एक आणि दिवसाच्या सात प्रार्थना, त्यांतून आठवड्यात 150 स्तोत्रं म्हणून झाली पाहिजेत. कुणाला यापेक्षा चांगली मांडणी सुचली तर त्यानं खुशाल करावी, फक्त आठवड्याचा हिशेब चुकवू नये. काही तास अंगमेहनत, काही तास वाचन. उपवासकाळ सुरू होताना प्रत्येकाला एक पुस्तक मिळे आणि ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचावं लागे. वाचायचं तर पुस्तक हवं, पुस्तक हवं तर कुणीतरी नकलून काढायला हवं. युरोपातल्या मठांची ग्रंथालयं या साध्या गरजेतून उभी राहिली.

या नियमांत मला न रुचणारंही आहे. वारंवार समजावूनही न सुधारणाऱ्याला फटके मारायची तरतूद आहे, लहान मुलांनाही सूट नाही. घरून आलेलं पत्र मठाधिपतीच्या परवानगीशिवाय घ्यायचं नाही. लेखणीसुद्धा स्वतःची म्हणायची नाही. मालकी सोडण्याचा आग्रह मी समजू शकते, पत्रावरची बंदी नाही. पण याच पुस्तकात मठाधिपतीला बजावलेलं आहे की गंज खरवडण्याच्या नादात भांडं फोडू नकोस. सहाव्या शतकात, दुष्काळ आणि युद्धं चालू असताना, सत्ता हाती असलेल्या माणसाला हे सांगणारे थोडे होते.

सायंप्रार्थनेला मूठभर साधू होते, बहुतेक वृद्ध. एक बाजू ओळ म्हणे, दुसरी बाजू पुढची, मध्ये एक श्वास थांबून. कुणीही आवाज चढवत नव्हतं. मला शब्द कळत नव्हते, लय मात्र लगेच कळली.

सुबियाको बेनेडिक्टनं आपणहून सोडलं नाही. फ्लोरेन्शिअस नावाच्या स्थानिक धर्मगुरूला त्याचा मत्सर वाटू लागला. त्यानं विषारी पाव पाठवला, तो डोमकावळ्यानं उचलून नेला. पुढे शिष्यांना भ्रष्ट करायला त्यानं मठाच्या बागेत मुली नाचवल्या. तेव्हा बेनेडिक्टनं भांडण न वाढवता निघून जायचं ठरवलं. वाटेत असतानाच शिष्य मॉरस धावत आला: फ्लोरेन्शिअस सज्जा कोसळून मेला, आता परत चला. शत्रूच्या मृत्यूचा आनंद मानल्याबद्दल बेनेडिक्टनं मॉरसलाच प्रायश्चित्त दिलं आणि स्वतः शोक केला. मला हा प्रसंग डोमकावळ्यापेक्षा मोलाचा वाटतो.

529च्या सुमारास तो दक्षिणेला मोंते कासिनोला पोचला. मी रोमला परतून रेल्वेनं गेले. कासिनो गावात उतरलं की सुमारे 520 मीटर उंचीचा डोंगर आणि त्याच्या माथ्यावरचा प्रचंड पांढरा मठ एकदम अंगावर येतो. रस्ता नागमोडी वळणं घेत चढतो.

त्या माथ्यावर तेव्हा अपोलोचं देऊळ होतं आणि आसपासचे शेतकरी अजून तिथे पूजा करत होते. बेनेडिक्टनं मूर्ती फोडली, वेदी उलथली, देवराई तोडली आणि तिथे संत मार्टिनचं प्रार्थनागृह उभारलं. ग्रेगरी हे अभिमानानं सांगतो. मला ते वाचताना तेव्हाही त्रास झाला होता, जागेवर उभं राहून जास्त झाला. पाहुण्याचं मत ऐकून घ्या म्हणणाऱ्या माणसानं त्या शेतकऱ्यांचं काही ऐकून घेतलं नाही. त्याच्या काळातल्या धर्मनिष्ठेला ते शोभत असेल, त्याच्या नियमावलीला शोभत नाही.

इथेच त्यानं नियमावली पूर्ण केली. इथेच गॉथांचा राजा तोतिला त्याला भेटायला आला. त्यानं आधी आपल्या सेवकाला राजवस्त्रं घालून पुढे पाठवलं होतं, ते बेनेडिक्टनं लांबूनच ओळखलं. दुष्काळात मठातलं उरलंसुरलं तेल एका गरजूला द्यायला कोठारप्रमुखानं नकार दिला, तेव्हा आज्ञाभंगानं राखलेली वस्तू मठात नको म्हणून तेलाची बाटलीच खिडकीबाहेर टाकायला लावली, तीही इथेच.

आणि स्कोलास्टिका. त्याची बहीण, परंपरेनं जुळी मानलेली, स्वतःही व्रतस्थ. वर्षातून एकदा दोघं डोंगराखालच्या एका घरात भेटत. शेवटच्या भेटीत अंधार पडू लागला, बोलणं संपेना. आज रात्रभर थांब, असं तिनं विनवलं. मठाबाहेर रात्र काढणं नियमात बसत नाही म्हणून भावानं साफ नकार दिला. तिनं टेबलावर हात जोडून डोकं टेकवलं. निरभ्र आकाश क्षणात भरून आलं आणि असा पाऊस कोसळला की उंबऱ्याबाहेर पाऊल टाकता येईना. हे काय केलंस, म्हणून तो चिडला. तुला विचारलं तर ऐकलं नाहीस, देवाला विचारलं तर त्यानं ऐकलं, असं ती म्हणाली. रात्रभर ती दोघं बोलत बसली. तीन दिवसांनी ती गेली. ग्रेगरीनं या गोष्टीत बहिणीच्या बाजूनं कौल दिला आहे: तिचं प्रेम अधिक होतं, म्हणून तिची सत्ताही अधिक चालली. नियमकर्त्याच्या चरित्रात नियमाचा हा पराभव एका पोपनं प्रेमानं लिहून ठेवला, हे फार चांगलं झालं. 547च्या सुमारास बेनेडिक्ट शिष्यांच्या आधारानं उभा राहून, प्रार्थना करताना गेला. दोघांचं थडगं एकच आहे, इथल्या मुख्य वेदीखाली. त्याच्या अस्थी फ्रान्समध्ये लवार नदीकाठच्या फ्लरी मठात नेल्या गेल्या असाही तिकडच्यांचा दावा आहे आणि तो वाद शतकानुशतकं चालला.

त्याच्या मृत्यूनंतर तीसेक वर्षांतच लोंबार्डांनी मठ उद्ध्वस्त केला. आठव्या शतकात तो पुन्हा उभा राहिला, 883मध्ये सारासेनांनी, म्हणजे अरब हल्लेखोरांनी जाळला, 1349च्या भूकंपानं पाडला. दरम्यान नियमावली बाहेर पडली होती. फ्रँक राजा शार्लमेननं तिची नक्कल मागवली. त्याचा मुलगा लुई याच्या काळात, 816-17च्या धर्मसभांनी फ्रँक साम्राज्यातल्या मठांना ती लागू केली. विसाव्या शतकात याच परंपरेतला एक फ्रेंच साधू, आंरी ल सो, कावेरीकाठी शांतिवनम् आश्रम उभारून अभिषिक्तानंद झाला.

कासिनोतल्या नक्कलकारांचं ऋण तर धर्माबाहेरच्यांवरही आहे. रोमन इतिहासकार टॅसिटसच्या ‘ॲनल्स’चा उत्तरार्ध आणि ‘हिस्टरीज’चा उरलेला भाग आज वाचता येतो तो इथे अकराव्या शतकात नकललेल्या एका हस्तलिखितामुळे. त्याच शतकात उत्तर आफ्रिकेतून आलेल्या कॉन्स्टंटाइननं इथे बसून अरबी वैद्यकग्रंथ लॅटिनमध्ये आणले. ज्या सारासेनांनी मठ जाळला त्यांच्याच भाषेतली विद्या दोन शतकांनी मठानं आपलीशी केली.

मात्र मी पाहिलेली इमारत विसाव्या शतकातली होती. जुन्या आराखड्यानुसार पुन्हा बांधलेली, म्हणून तिच्या चौकांत जुनेपणाचा वास नाही. 15 फेब्रुवारी 1944 रोजी दोस्तराष्ट्रांच्या विमानांनी इथे हजार टनांहून अधिक बॉम्ब टाकले. जर्मन सैन्य मठाच्या आत नव्हतं. आत होते ऐंशीला आलेले मठाधिपती ग्रेगोरियो दियामारे, काही साधू आणि आसऱ्याला आलेले गावकरी. त्यांतले कितीतरी मेले. बॉम्बफेकीची मागणी 4थ्या भारतीय डिव्हिजनचे सेनापती टकर यांनी लावून धरली होती, कारण या डोंगरावर चढायचं होतं त्यांच्या जवानांना. टकर यांची चिंता खरी होती, पण उपाय चुकला: पडझडीत जर्मन छत्रीधारी सैनिक शिरले आणि तो ढिगारा उभ्या मठापेक्षा अधिक अवघड किल्ला ठरला. राजपुताना रायफल्स आणि गुरखा पलटणींची माणसं या उतारावर पडली. 18 मे रोजी पोलिश सैन्यानं माथा घेतला. ग्रंथालय आणि दस्तऐवज वाचले, कारण आदल्या ऑक्टोबरपासूनच युलिउस श्लेगेल आणि माक्सिमिलियान बेकर या दोन जर्मन लष्करी अधिकाऱ्यांनी ते बहुतेक साधूंसह ट्रकांतून रोमला हलवले होते.

डोंगराखालच्या राष्ट्रकुल युद्धस्मशानभूमीत 4 हजारांहून अधिक सैनिक आहेत. भारतीय हिंदू सैनिकांच्या दगडांवर देवनागरीत ‘ॐ भगवते नमः’ कोरलेलं आहे. इटलीच्या मोहिमेत ज्यांची कबर सापडत नाही त्यांची नावं तिथल्याच स्मारकावर आहेत. त्यांत 5व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनचे नाईक यशवंत घाडगे आहेत, रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचे. 10 जुलै 1944 रोजी, सगळे साथीदार पडल्यावर, ते एकटे मशिनगनच्या ठाण्यावर धावून गेले, ते ठाणं त्यांनी घेतलं आणि तिथेच गोळी लागून पडले. वय 22. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते पडले ते ठिकाण वरच्या टायबर खोऱ्यात, बेनेडिक्टच्या जन्मप्रांतात, उंब्रियात आहे.

24 ऑक्टोबर 1964 रोजी पोप सहावे पॉल यांनी नव्या चर्चचं पवित्रीकरण केलं आणि त्याच दिवशी बेनेडिक्टला युरोपचा आश्रयदाता संत घोषित केलं. मठ चार वेळा पडला आणि चार वेळा उभा राहिला तो दगडांच्या जोरावर नव्हे. जगायचं कसं हे ज्यांना पाठ होतं अशी थोडी माणसं दर वेळी वाचली होती.

तुम्ही जाणार असाल तर क्रम बदलू नका. आधी सुबियाको, मग कासिनो. सुबियाकोला एक रात्र तरी काढा. दुपारी मठ बंद असतात, खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे हवेत, आणि साक्रो स्पेकोला पायीच चढा. कासिनोच्या डोंगरावरून उतरल्यावर स्मशानभूमीसाठी वेळ ठेवा आणि स्मारकावर माणगावच्या त्या जवानाचं नाव शोधून वाचा. निघण्याआधी ती 73 प्रकरणं मात्र नक्की वाचा. एका संध्याकाळी वाचून होतात, आणि ख्रिस्ती नसलात, मठात जायचं नसलं, तरी घर, संस्था किंवा चार माणसं सांभाळायची वेळ आलेल्या प्रत्येकानं ती वाचावीत अशी माझी विनंती आहे.